सायनाइडला पर्याय : वाटा जुन्याच

नाशिकच्या काळ्या कातळात सोन्याची खाण नाही. पण सराफ बाजारातल्या गलाईवाल्याकडे सोनं विरघळताना पाहता येतं. भांड्यातून तांबूस धूर निघतो, घशाला ठसका लागतो. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, हे अम्लराज. नुसत्या तेजाबाला सोनं दाद देत नाही. नायट्रिक सोन्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि क्लोराइड त्याला द्रावणात धरून ठेवतं. दोन्ही कामं एकदमच व्हावी लागतात. मग मेटाबायसल्फाइट टाकलं की तळाशी तपकिरी गाळ बसतो. तो मुशीत वितळला की पिवळा होतो.

खाणीतल्या खडकाला मात्र अम्लराज परवडत नाही. टनामागे सोनं जेमतेम काही ग्रॅम असतं आणि आम्ल उरलेला खडकच खात बसतं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भाजलेल्या खनिजावर क्लोरीन वायू सोडत. ते चांगलं चालायचं. १८८७ मध्ये ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची पद्धत काढली आणि क्लोरीन मागे पडला. इथे इलेक्ट्रॉन काढण्याचं काम हवेतला ऑक्सिजन करतो, धरून ठेवण्याचं सायनाइड. तेही अगदी पातळ द्रावणात, त्यामुळे स्वस्तात.

या स्वस्ताईची किंमत पाण्याने मोजली. जानेवारी २००० मध्ये रुमानियातल्या बाया मारे इथे सोन्याच्या कारखान्याचा सांडपाण्याचा बांध फुटला, सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांत गेलं आणि तिसा नदीत मासे मेले. आपल्याकडे कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर तिथेच राहिले.

तेव्हापासून पर्यायांचा शोध जोरात आला, पण नवं त्यात थोडंच आहे. थायोयुरिया सोव्हिएत संशोधकांनी १९४० च्या दशकातच तपासला होता. तो सोनं झटपट विरघळवतो, पण स्वतःही लवकर मोडतो, म्हणून महाग पडतो. मला सर्वात भरवशाचं वाटतं ते थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये ‘हायपो’ म्हणून ठेवायचे तेच हे मीठ. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खनिजासाठी ते वापरूनही झालं होतं. सोन्यासाठी त्याला तांबं आणि अमोनियाची जोड लागते. शिवाय त्यातलं सोनं कोळशाला चिकटत नाही, त्यामुळे सायनाइड कारखान्यात द्रावणातून सोनं पकडायला असलेली कोळशाची मांडणी इथे निरुपयोगी ठरते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या गोल्डस्ट्राइक खाणीने ही अडचण रेझिनने, म्हणजे सोनं धरून ठेवणाऱ्या कृत्रिम मण्यांनी, सोडवली आणि २०१४ च्या अखेरीस थायोसल्फेटवर मोठ्या प्रमाणात उत्पादन सुरू केलं.