संवादगट आणि सहप्रकल्प : व्हर्च्युअल एक्सचेंजच्या नावाखाली चालणारे दोन वेगळे उपक्रम

दोन-तीन देशांतले विद्यार्थी ठरलेल्या वेळी आपापल्या संगणकासमोर येतात, छोट्या गटांत विभागले जातात आणि हवामानबदल, स्थलांतर, पाण्याची टंचाई किंवा खोट्या बातम्यांचा प्रसार अशा एखाद्या प्रश्नावर बोलू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे दृश्य सगळीकडे सारखेच दिसते, आणि विद्यापीठांच्या माहितीपत्रकांतही या सगळ्याला ‘व्हर्च्युअल एक्सचेंज’ असे एकच नाव दिलेले असते. प्रत्यक्षात या नावाखाली दोन निराळे उपक्रम चालतात. पहिल्यात, म्हणजे संवादगटात, प्रशिक्षित सुलभकाच्या (स्वतःचे मत न मांडता गटाची चर्चा सांभाळणाऱ्याच्या) मदतीने होणारा संवाद हाच सगळा अभ्यास असतो. दुसऱ्यात दोन देशांतल्या दोन वर्गांनी मिळून एक ठरावीक काम पुरे करायचे असते. त्याला ‘कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कॉइल’ म्हणतात. ही गल्लत नावापुरतीच असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण संवादगटाकडून प्रकल्पाची आणि प्रकल्पाकडून संवादाची अपेक्षा ठेवली जाते, तेव्हा दोन्हींपैकी काहीच नीट साधत नाही, आणि त्याचा दोष मात्र विद्यार्थ्यांच्या अनास्थेवर ढकलला जातो.

आधी एक तिसरी गोष्ट बाजूला काढून ठेवू. परदेशी विद्यापीठाचा एखादा अभ्यासक्रम घरबसल्या ऑनलाइन पूर्ण करून त्याचे श्रेयांक मिळवणे याला ‘व्हर्च्युअल मोबिलिटी’ म्हणतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रवास बंद झाला, तेव्हा अनेक ठिकाणी हाच पर्याय वापरला गेला. तिथे विद्यार्थी दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन शिकतो. इतर विद्यार्थ्यांशी बोलणे झाले तर झाले, नाही झाले तरी अभ्यासक्रम पूर्ण होतो. संवादगट आणि कॉइल यांचे तसे नाही. विद्यार्थी एकमेकांशी बोललेच नाहीत, तर त्या उपक्रमांत शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

दोन्हींचा फरक त्यांच्या उगमापासूनच दिसतो. संवादप्रधान उपक्रमाचे परिचित उदाहरण म्हणजे ‘सोलिया’ या संस्थेचा ‘कनेक्ट प्रोग्रॅम’. लुकास वेल्च आणि लायझा चेंबर्स यांनी २००३ मध्ये ही संस्था स्थापन केली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर पाश्चात्त्य देश आणि मुस्लीमबहुल समाज यांच्यातला अविश्वास वाढत गेला होता. या दोन्हींकडच्या विद्यार्थ्यांनी बातम्यांमधून एकमेकांना ओळखण्याऐवजी थेट एकमेकांशी बोलावे, हा तिचा हेतू होता. म्हणजे हा प्रकार मुळातच तंट्याच्या प्रश्नांसाठी घडवला गेला. कॉइलचा उगम मात्र वर्गातल्या कामात आहे. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क अर्थात ‘सनी’ या सार्वजनिक विद्यापीठाच्या पर्चेस कॉलेजात चित्रपटनिर्मिती शिकवणारे जॉन रुबिन यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांकडून एकत्र व्हिडिओ करून घेण्याचा प्रयोग केला होता, आणि त्यांच्याच पुढाकाराने २००६ मध्ये सनीमध्ये कॉइल केंद्र सुरू झाले. युरोपीय आयोगाने २०१८ ते २०२० या काळात युरोप आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडील देशांतल्या १८ ते ३० वर्षे वयाच्या तरुणांसाठी ‘इरॅस्मस प्लस व्हर्च्युअल एक्सचेंज’ चालवला. त्यातही सुलभकाच्या मदतीने होणारा संवाद आणि प्राध्यापकांनी भागीदारीत आखलेले आंतरराष्ट्रीय प्रकल्प हे दोन विभाग वेगळे ठेवलेले होते. ज्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले, त्यांनाही दोन्ही एकाच साच्यात बसवता आले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

संवादगटात साधारणपणे आठ-दहा जण असतात. ते आठवड्यातून एकदा दीड-दोन तास भेटतात, आणि गट शेवटपर्यंत तोच राहतो. हे सातत्य फार मोलाचे असते, कारण पहिल्या भेटीत कोणीही मनातले बोलत नाही. सुरुवातीचे आठवडे एकमेकांची ओळख होण्यात आणि बोलण्याचे नियम एकत्र ठरवण्यात जातात, आणि वादाचे प्रश्न त्यानंतरच पुढे आणले जातात. समजा, चर्चा स्थलांतरावर आली आहे. ट्युनिसमधला एक विद्यार्थी सांगतो, की त्याच्या ओळखीतले दोघे जण नावेतून समुद्र ओलांडायला निघाले होते. त्यावर रॉटरडॅमची एक विद्यार्थिनी म्हणते, की रीतसर अर्ज करून येणाऱ्यांबद्दल तिची तक्रार नाही, पण नियम मोडून आलेल्यांना सामावून घेतले तर रांगेत थांबलेल्यांवर अन्याय होतो. क्षणभर कोणीच बोलत नाही. इथून पुढे चर्चा दोन तऱ्हांनी बिघडू शकते. एक तर वाद पेटतो. नाही तर सगळे जण सौजन्याने ‘दोघांचेही बरोबर आहे’ असे म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळतात. माझ्या मते दुसरी तऱ्हा अधिक घातक आहे, कारण त्यात चर्चा पार पडल्याचे समाधान मिळते आणि कोणाच्याही पदरात काही पडत नाही.

सुलभक या दोन्ही वाटा अडवतो. हे मत कोणत्या अनुभवातून तयार झाले, असे तो त्या विद्यार्थिनीला विचारतो. तिच्या बोलण्यातून काय समजले, ते स्वतःच्या शब्दांत सांगण्याची विनंती तो ट्युनिसच्या विद्यार्थ्याला करतो; आणि ‘मला असे म्हणायचे नव्हते’ असे ती म्हणाली, तर तिला पुन्हा सांगू देतो. बराच वेळ गप्प असलेल्या तिसऱ्या कोणाला, बोलण्याची सक्ती न करता, तो जागा करून देतो. स्थलांतराच्या कायद्यांवर तो व्याख्यान देत नाही, स्वतःचे मत मांडत नाही आणि कोण बरोबर हे ठरवत नाही. तो त्या विषयाचा तज्ज्ञ असण्याचीही गरज नसते. त्याचे प्रशिक्षण ऐकण्याचे, प्रश्न विचारण्याचे आणि गटातला ताण वेळीच ओळखण्याचे असते. बैठक संपताना मते बहुधा जिथल्या तिथेच असतात. मात्र समोरच्याचे मत कशावर उभे आहे, हे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येऊ लागते, आणि या उपक्रमाचे फलित तेच आहे.

कॉइलमध्ये सुलभकाची जागा दोन प्राध्यापक घेतात. दोघांचे विषय एकच असावेत असे नाही. एकाकडे पर्यावरणशास्त्राचा वर्ग असेल आणि दुसरीकडे पत्रकारितेचा असेल, तरी दोघे मिळून काही आठवड्यांचा एक सामाईक भाग आखतात आणि तो आपापल्या अभ्यासक्रमात बसवतात. विद्यार्थी स्वतःच्याच विद्यापीठात नोंदणी केलेले राहतात, त्यांचे मूल्यमापन त्यांचेच प्राध्यापक करतात आणि श्रेयांकही तिथलेच मिळतात. सुरुवातीला ओळख, मग तुलना, मग संयुक्त काम आणि शेवटी झालेल्या कामाकडे मागे वळून पाहणे, असा क्रम साधारणतः पाळला जातो. समजा, दोन शहरांतल्या पाणीपुरवठ्याची तुलना करणारा अहवाल चार-चार जणांच्या गटांनी लिहायचा आहे. पहिल्याच आठवड्यात लक्षात येते, की एका शहराची आकडेवारी महापालिकेच्या संकेतस्थळावर सहज सापडते आणि दुसऱ्या शहराची मागूनही मिळत नाही. मग तुलना कशाची करायची, हा प्रश्न उभा राहतो. एका बाजूच्या विद्यार्थ्यांना अधिकृत आकड्यांशिवाय अहवाल लिहिणे गैर वाटते. दुसऱ्या बाजूच्यांना रहिवाशांच्या मुलाखती हाच भरवशाचा आधार वाटतो. पाण्याबद्दल, आणि सरकारी माहितीवर किती विसंबायचे याबद्दल, ते विद्यार्थी इथे जे शिकतात, ते कोणत्याही व्याख्यानातून त्यांच्या इतके अंगवळणी पडले नसते.

दोहोंतला मूळ फरक मतभेदाच्या जागेचा आहे. संवादगटात मतभेद हाच अभ्यासाचा विषय असतो. तो लवकर मिटला, तर पुढे शिकण्यासारखे काही उरत नाही. कॉइलमध्ये मतभेद कामाच्या वाटेत येतो आणि मुदतीच्या आत त्यावर तोडगा काढावा लागतो. दोन्ही कौशल्ये मोलाची आहेत, पण ती एक नव्हेत. तडजोड करून अहवाल वेळेवर देणाऱ्या गटाने एकमेकांना समजून घेतलेच असेल असे नाही. दोन भाग वेगवेगळे लिहून शेवटच्या रात्री एकत्र चिकटवले तरी अहवाल तयार होतोच. उलटपक्षी, एकमेकांचे म्हणणे आठ आठवडे मनापासून ऐकलेल्या गटाला चार पानांचे संयुक्त टिपण लिहिणे जमेलच याची खात्री नसते.

समाजमानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. दोन समाजांतली माणसे नुसती एकत्र आणल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी दोन्ही बाजूंना समान दर्जा, सामाईक ध्येय, परस्पर सहकार्य आणि वरिष्ठ संस्थांचे पाठबळ या चार गोष्टी अनुकूल ठरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कसोटीवर पाहिले, तर कॉइलमध्ये सामाईक ध्येय आणि सहकार्य हे त्याच्या रचनेतच आहे, पण समान दर्जाची काळजी वाहायला तिथे कोणी नेमलेले नसते. संवादगटात समान दर्जा राखण्यासाठी सुलभक असतो. तिथे उणीव जाणवते ती हाताशी धरण्याजोग्या सामाईक कामाची.

समान दर्जाचा प्रश्न सर्वांत आधी भाषेत उभा राहतो. दोन्ही प्रकारांत व्यवहार बहुतेक वेळा इंग्रजीतून चालतो, आणि ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचे पारडे आपोआप जड होते. संवादगटात हे लगेच दिसते, कारण कोण किती बोलले हे सगळ्यांच्या समोर असते आणि सुलभक ते सावरू शकतो. कॉइलमध्ये ते लपून राहते. विद्यार्थी कामे आपापसांत वाटून घेतात. आकडे गोळा करणे, छायाचित्रे काढणे, मुलाखती घेणे ही कामे एका बाजूकडे जातात आणि अंतिम मसुदा लिहिण्याचे काम इंग्रजी सफाईने येणाऱ्यांकडे येते. मसुदा लिहिणाराच निष्कर्ष ठरवतो, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. सामाईक दस्तऐवजातल्या बदलांचा इतिहास उघडून पाहिला, तर कोणती वाक्ये कोणी लिहिली आणि कोणाची वाक्ये खोडली गेली, हे स्पष्ट दिसते. कॉइल घेणाऱ्या प्राध्यापकांनी हा इतिहास प्रकल्पाच्या मध्यावर एकदा विद्यार्थ्यांबरोबर बसून जरूर वाचावा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘कल्चुरा’ या उपक्रमाने याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले होते. तिथे अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थी एकमेकांची भाषा शिकत असूनही प्रश्नावली आणि चर्चा यांत आपापल्या भाषेतच लिहीत, त्यामुळे कोणालाही तोडक्यामोडक्या भाषेत आपले म्हणणे आखडते घ्यावे लागत नसे. अर्थात, दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा वाचता येत असेल तिथेच हे जमते.

वेळापत्रकाच्या अडचणी दोन्हींना आहेत, पण त्यांचा फटका सारखा बसत नाही. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपीय संघात शेवटच्या रविवारी, आणि अनेक देशांत ती बदलतच नाहीत. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे ठरलेली वेळ एका तासाने चुकते. कॉइलचे बरेचसे काम आपापल्या सोयीने करता येत असल्याने ते निभावून जाते, पण संवादगटातले अर्धे जण तासभर उशिरा आले तर ती बैठक गेलीच. दोन विद्यापीठांची शैक्षणिक सत्रे जुळत नसतील, तर मात्र जास्त कोंडी कॉइलची होते, कारण तिथे दोन वर्गांचे अभ्यासक्रम एकमेकांत गुंतलेले असतात.

मग कोणत्या प्रश्नासाठी काय निवडावे? ज्या प्रश्नात माणसांची ओळख, श्रद्धा किंवा जुन्या जखमा गुंतलेल्या आहेत, उदाहरणार्थ युद्ध, स्थलांतर, धर्म आणि वसाहतवादाचा वारसा, तिथे प्रशिक्षित सुलभकाशिवाय प्रकल्प देऊ नये असे माझे ठाम मत आहे. अशा विषयावर सादरीकरण करायला सांगितले, की विद्यार्थी दुखऱ्या जागा टाळून निर्धोक स्लाइड तयार करतात. कचरा, पाणी, ऊर्जा आणि सार्वजनिक आरोग्य अशा प्रश्नांत मोजण्याजोगे आणि तुलना करण्याजोगे बरेच काही असते. तिथे नुसती चर्चा लवकरच सामान्य विधानांत विरते आणि कॉइल तिला जमिनीवर ठेवते. दोन्ही एकत्र करायचे असल्यास क्रम महत्त्वाचा आहे. रॉबर्ट ओ’डाउड आणि पेज वेअर यांनी २००९ मध्ये अशा उपक्रमांतल्या कामांचे माहितीची देवाणघेवाण, तुलना व विश्लेषण आणि संयुक्त निर्मिती असे तीन वर्ग केले होते. संयुक्त निर्मिती सर्वांत कठीण, म्हणून ती शेवटी यावी, आणि संवादाच्या बैठका तिच्या आधी व्हाव्यात.

मूल्यमापनाचा प्रश्न आखणीच्या वेळीच सोडवावा लागतो. कॉइलमध्ये तयार झालेल्या कामाला गुण देता येतात, मात्र त्यातला काही वाटा काम कसे झाले यासाठी राखून ठेवायला हवा. संवादगटात मतांना गुण देणे सर्वस्वी गैर आहे, आणि ‘किती बदललात’ असे विचारून गुण देणे त्याहूनही गैर, कारण मग विद्यार्थी बदलल्याचे लिहून देतात. तिथे उपस्थिती पाहावी, आणि प्रत्येकाकडून एक छोटे टिपण मागावे, ज्यात त्याने आपल्याला न पटलेले एक मत, ते मांडणाऱ्याला मान्य होईल अशा रीतीने लिहिलेले असेल. ते टिपण प्राध्यापकांच्या हाती देण्याआधी ज्याचे मत आहे त्याला वाचायला द्यावे आणि त्याने सुचवलेल्या दुरुस्त्यांसह स्वीकारावे.