एटीव्ही राइड: कायदा कुंपणापाशी का थांबतो

गंगापूर धरणाचा काठ, त्र्यंबक रस्ता, इगतपुरीचा पट्टा. नाशिकभोवती वीकेंडचं पर्यटन वाढलं तशी रिसॉर्टांच्या आवारात एटीव्हीही आली, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालवायची, हँडलची उघडी चारचाकी गाडी. पहिल्या दिवसापासून ती करमणुकीची वस्तू म्हणूनच आली, त्यामुळे तिच्याकडे वाहन म्हणून कुणी पाहिलंच नाही.

मूळ गाडी तीनचाकी. १९७० मध्ये एका जपानी कंपनीने ती अमेरिकेत विकायला काढली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चारचाकी आली, अपघातांचा बोभाटा झाला आणि १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. लोकांकडे असलेल्या गाड्या मात्र परत घेतल्या नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलांना ९० सीसीपेक्षा मोठी गाडी द्यायची नाही, हा दंडकही त्याच समझोत्यातला.

त्याच १९८८ साली आपला मोटार वाहन कायदा झाला आणि आपल्याकडचा सगळा गुंता तिथून सुरू होतो. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन ‘मोटार वाहन’ धरायचं नाही, असं त्याच्या व्याख्येत म्हटलं आहे. रिसॉर्टवाले याचाच आधार घेतात: गाडी आमच्या कुंपणात फिरते, मग पासिंग कशाला आणि लायसन्स कशाला? दुसरी बाजूही कच्ची नाही. खाणीतले डंपर रबरी टायरवर चालतात, म्हणजे ते रस्त्यावर चालण्याजोगे आहेत, म्हणून ती मोटार वाहनंच, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा निकाल आहे. तो करासंबंधीचा होता, पण त्यातला तर्क एटीव्हीलाही लावता येतो. माझ्या मते लावायलाच हवा.

समजा लावला, तरी पंचाईत उरतेच. हेल्मेटची सक्ती मोटारसायकलसाठी आहे आणि कायद्याच्या लेखी मोटारसायकल म्हणजे दुचाकी. हँडल धरून उघड्यावर बसायचं, डोक्यावर छत नाही, पट्टा नाही, तरी चार चाकं आहेत म्हणून हेल्मेट नाही. परवाना आणि विमा यांची सक्ती सार्वजनिक जागेपुरती. मग कुंपणाच्या आत उरतो तो ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलेला कागद, आणि तो लोक न वाचताच सही करून देतात. ट्रॅक मधेच गावरस्ता ओलांडून पलीकडच्या माळावर जात असेल, तर तेवढ्या पट्ट्यात कायदा लागू होतो. पण तिथे तपासायला कोण उभं असतं?

चार चाकांमुळे वाटणारा भरवसाच इथे घात करतो. मोठी एटीव्ही अडीचशे-तीनशे किलोची असते, रुंदीला कमी आणि बसायला उंच. बऱ्याच गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर, म्हणजे दोन्हींचा वेग सारखाच. वळताना गाडी सरळ जायला बघते. चालवणाऱ्याने सीटवर सरकून, अंग आत झुकवून तिला वळवायचं असतं. मागे दुसरा माणूस बसला की सरकायला जागाच उरत नाही, आणि चढावर पुढची चाकं उचलली जातात. अॅक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा. पुढे बसवलेल्या पोराने घाबरून हँडल घट्ट धरलं की अंगठाही दाबला जातो आणि गाडी आणखी पळते. मुरमाच्या ट्रॅकवर चाक घसरून निसटतं, डांबरावर तेच चाक पकड धरतं आणि गाडी कलंडते. माणूस खाली सापडला तर हाड न मोडताही छाती दबून, श्वास न घेता आल्याने जीव जातो.

राष्ट्रीय पातळीवर २०१८ मध्ये साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात एटीव्हीचा वेगळा विचार आहे. पण त्या सूचनाच. राज्याचं धोरण २०२१ मध्ये आलं आणि साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी आवश्यक झाली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने शेतावरच्या नव्या क्वाडला (चारचाकी एटीव्हीला), गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट सक्तीची केली. ते मान्य नसलेल्या काही बड्या कंपन्यांनी तिथला बाजारच सोडला.

आपल्याकडे चौकटीची चर्चाही सुरू झालेली नाही. तोवर नाशिकला राइड घेणाऱ्याने तिकीट फाडण्याआधी नोंदणीचा कागद मागावा, हनुवटीचा पट्टा धड असलेलं हेल्मेट मागावं, आणि एका गाडीवर एकच माणूस बसवतात का ते पाहावं. नाही म्हणाले, तर पैसे परत घ्यावेत.