ब्लड कल्चर दिलंय? रिपोर्ट येईपर्यंत एवढं माहीत असू द्या

"दोन्ही हातांतून रक्त कशाला? बिल वाढवायला?" आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का, हे ते बाटलीत वाढवून पाहणं. सुई टोचताना कातडीवरचे जंतू बाटलीत शिरू शकतात. एकाच नमुन्यात जंतू वाढला तर तो कातडीवरचा की रक्तातला, असा पेच पडतो. दोन्हींत तोच वाढला, तर संसर्ग खरा असण्याची शक्यता खूप वाढते. मोठ्या माणसाचं दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं, शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी.

जंतू असले तर बहुधा एक-दोन दिवसांत कळतं. 'निगेटिव्ह' म्हणायला पाच दिवस लागतात. सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गामुळे बीपी कोसळून अवयव निकामी होऊ लागणं, तेवढा थांबत नाही. त्यामुळे रुग्ण शॉककडे झुकतोय का, हे डॉक्टर कल्चरवर सोडत नाहीत. श्वास, बीपी, शुद्ध, लघवी पाहतात. क्रिएटिनिन (किडनीसाठी), बिलिरुबिन (लिव्हरसाठी), प्लेटलेट (रक्त गोठण्यासाठी) मागवतात. आणि लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ.

आमच्या मते यात सर्वांत बोलका आकडा लॅक्टेटचाच. पुरेसं सलाइन देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट लिटरला २ मिलीमोलच्या वर आहे, याला २०१६ च्या व्याख्येनुसार सेप्टिक शॉक म्हणतात. अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असतं. उपचारानंतर आकडा उतरतोय का, हे पाहायला पुन्हा रक्त मागतात. नाही म्हणू नका. मोहोळ-अक्कलकोटहून उन्हातान्हात मोटारसायकलवर आणलेला लॅक्टेटचा नमुना मात्र आम्ही घेत नाही. नळीतल्या रक्तपेशी लॅक्टेट बनवतच राहतात आणि आकडा खोटा फुगतो.

मधुमेह, डायलिसिस, केमोथेरपी, स्टिरॉइड, लघवीची नळी, उतारवय: इथे धोका जास्त. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही, अंग उलट गारही पडतं. आपल्याकडे मे महिन्यात हुडहुडी भरून ताप आला तरी "ऊन लागलं" म्हणून तळपायाला कांदा चोळत बसतात. त्यात वेळ घालवू नका. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, असंबद्ध बोलणं, यांतली दोन दिसली तर १०८ ला फोन करा. एकच दिसलं किंवा काहीच नाही, तरी पेशंट खालावतोय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवाच.

कल्चरमध्ये जंतू दिसताच आम्ही छापील रिपोर्टसाठी न थांबता डॉक्टरांना फोन करतो. म्हणून फॉर्मवर त्यांचा चालू मोबाइल नंबर लिहा, दवाखान्याचा बंद पडलेला लँडलाइन नको.