मन्स्टर गेलिक फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा, २०२०

आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातील वरिष्ठ पुरुष गेलिक फुटबॉल स्पर्धेचा २०२० चा हंगाम. क्लेअर, कॉर्क, केरी, लिमरिक, टिपरेरी आणि वॉटरफर्ड हे सहा परगणे यात उतरले. २२ नोव्हेंबर २०२० रोजी कॉर्क शहरातील पार्क ई कीव मैदानावर टिपरेरीने कॉर्कला ०-१७ विरुद्ध ०-१४ असे हरवून विजेतेपद मिळवले. फुटबॉलमधला मन्स्टर चषक त्यांच्या हाती याआधी आला होता तो १९३५ साली.

हे गुण वाचायची रीत आधी सांगायला हवी. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात, चेंडू हाताने पकडता येतो आणि गोलचे खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे असतात. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून पण दोन्ही खांबांच्या मधून गेला तर, २०२० च्या नियमांनुसार, एक गुण. धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात, त्यामुळे १-१२ म्हणजे एकूण पंधरा. खेळाडू हौशी असतात. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, आणि सहसा ज्या मातीत जन्मले त्याच परगण्याकडून खेळणारे. हा खेळ सांभाळणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ मध्ये स्थापन झाली ती टिपरेरीतल्याच थर्लस गावी. पण टिपरेरीचा जीव हर्लिंगमध्ये, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळात. तिथे ते देशातल्या अव्वल तिघांत मोडतात. फुटबॉल मात्र त्या घरातले धाकटे पोर.

मन्स्टरच्या फुटबॉलवर केरी आणि कॉर्क यांची जवळजवळ वतनदारी होती. १९३६ ते २०१९ या काळात या दोघांखेरीज फक्त क्लेअरने, तेही १९९२ मध्ये एकदाच, ही स्पर्धा जिंकली होती. २०१३ पासूनची सलग सात विजेतेपदे केरीची होती. २०१९ च्या अखिल आयर्लंड, म्हणजे प्रांतांनंतरच्या देशपातळीच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत डब्लिनला घाम फोडून, फेरसामन्यात हरलेला हा संघ. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी राष्ट्रीय लीगही जिंकली होती. टिपरेरी त्याच लीगच्या तिसऱ्या श्रेणीत कसाबसा तग धरून होता.

एरवी उन्हाळ्यात होणारी ही स्पर्धा कोविडच्या साथीमुळे लांबली आणि हिवाळ्याच्या तोंडावर, रिकाम्या मैदानांवर खेळवली गेली. देशात ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून कडक टाळेबंदी होती; परगण्यांच्या सामन्यांना तेवढी सूट मिळाली. वेळ कमी असल्याने सगळी स्पर्धा बाद पद्धतीने घेतली गेली. २००१ पासून प्रांतात हरलेल्या संघाला पात्रता फेऱ्यांतून परत वर चढता येत असे. आयरिश लोक या सोयीला ‘मागचे दार’ म्हणतात. त्या वर्षी ते बंद होते. टिपरेरीला या दाराचा एकदा मोठा लाभ झाला होता: २०१६ मध्ये प्रांतिक अंतिम सामना केरीकडून हरल्यावर ते याच वाटेने अखिल आयर्लंड उपांत्य फेरीपर्यंत पोचले होते. २०२० मध्ये दार बंद असण्याचाच फायदा त्यांना झाला, असे म्हणावे लागते; हरलेले बलाढ्य संघही परत येऊ शकत नव्हते.

सहा संघ, पाच सामने, तेवीस दिवस. उपांत्यपूर्व फेरीत लिमरिकने वॉटरफर्डला, तर टिपरेरीने थर्लसच्या मैदानावर क्लेअरला हरवले (२-११ विरुद्ध १-११). ७ नोव्हेंबरला लिमरिकमध्ये पहिला उपांत्य सामना झाला. भरपाईच्या वेळेत टिपरेरी एका गुणाने मागे होता. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. या खेळात तो हाताने फेकत नाहीत, पायाने आत मारतात. कर्णधार कॉनर स्वीनीने चेंडू सहकाऱ्याकडे न देता रेषेवरूनच खांबांकडे मारला. तिथून दोन खांबांमधली फट जेमतेम दिसावी असा कोन होता, पण चेंडू वळत आत गेला आणि बरोबरी झाली. जादा वेळेत ब्रायन फॉक्सने निर्णायक गुण मिळवला आणि टिपरेरी १-१५ विरुद्ध २-११ असा एका गुणाने सुटला. त्या एका किकवर सगळा हंगाम तोलला गेला होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात केरी जिंकेल आणि पुढे टिपरेरीचा समाचार घेईल असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते.

८ नोव्हेंबरचा तो सामना भर पावसात पार्क ई कीववर झाला. निसरडा चेंडू, चुकलेले फटके आणि निर्धारित वेळेअखेर बरोबरी. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी केरी ०-१३ विरुद्ध ०-१२ असा पुढे होता. कॉर्कच्या लूक कॉनलीने बरोबरीसाठी चेंडू उंच मारला, पण तो आखूड पडला. गोलसमोरच्या गर्दीत मार्क कीनने उडी मारून तो झेलला आणि वळून जाळ्यात धाडला. कॉर्क १-१२, केरी ०-१३. मधली रेषा ओलांडायलाही केरीला सवड उरली नाही. कीन हा कॉर्कमधल्या मिचेल्सटाउनचा तरुण, तेव्हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये कॉलिंगवुड क्लबशी करारबद्ध. एरवीच्या वर्षी चॅम्पियनशिपच्या काळात तो मेलबर्नला असता. लांबलेल्या वेळापत्रकामुळे तो घरी होता.

अंतिम सामन्यात टिपरेरीलाही असाच एक पाहुणा लाभला. त्याच ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या सिडनी स्वॉन्स क्लबचा कॉलिन ओ’रिअर्डन सुट्टीवर गावी आला होता. त्याच्या क्लबने खेळण्याची परवानगी दिली आणि मध्यफळीला बळ आले. स्वीनीने सात गुण केले, मायकेल क्विनलिवनच्या उंचीपुढे कॉर्कचा बचाव उघडा पडला. हा विजय लॉटरी नव्हता. प्रशिक्षक डेव्हिड पॉवर यांनी २०११ मध्ये टिपरेरीच्या कुमार संघाला अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवून दिले होते, आणि त्या पिढीतले खेळाडू आता ऐन भरात होते.

टिपरेरीच्या अंगावर त्या दिवशी नेहमीचा निळा-सोनेरी गणवेश नव्हता. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपरेरी यांचा सामना सुरू असताना ब्रिटिश सशस्त्र दलांनी गोळीबार केला. त्या सकाळी आयरिश क्रांतिकारकांनी शहरातल्या ब्रिटिश हेरांना ठार केले होते. मैदानावरच्या गोळीबारात चौदा जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुले होती, आणि ग्रेंजमॉकलर गावचा टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. क्रोक पार्कचा होगन स्टँड त्याच्या नावाचा; अखिल आयर्लंड चषक तिथेच दिला जातो. शताब्दीनिमित्त टिपरेरीने १९२० च्या धर्तीची पांढरी-हिरवी जर्सी घातली होती, तिच्या बाहीवर होगनचे चित्र होते. आदल्या संध्याकाळी क्रोक पार्कवर रिकाम्या गॅलऱ्यांसमोर चौदा मशाली पेटवून मृतांची नावे घेण्यात आली होती.

योगायोग इथेच थांबला नाही. टिपरेरीच्या विजयानंतर काही तासांतच अल्स्टर प्रांतात कॅव्हनने डोनेगलला हरवून १९९७ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. मेयो आणि डब्लिन आपापले प्रांत आधीच जिंकून बसले होते. १९२० चे प्रांतिक विजेतेही हेच चौघे होते. अखिल आयर्लंड उपांत्य फेरीच्या जोड्यासुद्धा जुळल्या. वृत्तपत्रांनी याला नियतीचा खेळ म्हटले. बंद झालेले मागचे दार, पाऊस आणि ऑस्ट्रेलियातून घरी आलेली दोन पोरे एवढ्यावरही त्याचा बराचसा उलगडा होतो, पण ग्रेंजमॉकलरमध्ये हे कोणी ऐकून घेईल असे वाटत नाही.

१९२० ची अखिल आयर्लंड स्पर्धा स्वातंत्र्ययुद्धामुळे रखडून अखेर जून १९२२ मध्ये टिपरेरीने जिंकली होती. या वेळी तसे घडले नाही. ६ डिसेंबरला उपांत्य सामन्यात दाट धुक्यात मेयोने टिपरेरीला ५-२० विरुद्ध ३-१३ असे लोळवले. मेयोच्या एकट्या किलियन ओ’कॉनरने ४-९ केले. पुढच्या हंगामात टिपरेरी लीगच्या चौथ्या श्रेणीत घसरला आणि मन्स्टरचा चषक कॉर्कला ४-२२ विरुद्ध १-९ असे चिरडून केरीने परत नेला.