इंग्रजीतील प्रादेशिक उच्चारभेद

इंग्रजीतील प्रादेशिक उच्चारभेद : एकच इंग्रजी शब्द बोलणाऱ्याच्या प्रदेशाप्रमाणे वेगवेगळा उच्चारला जाणे. शब्द तोच, स्पेलिंग तेच, अर्थही तोच. बदलतात ते स्वर, काही व्यंजने, आघाताची (जोर देण्याची) जागा आणि बोलण्याचा हेल. बोलीत शब्दसंग्रह आणि व्याकरणही वेगळे असते. ॲक्सेंट म्हणजे फक्त उच्चाराची ढब. प्रत्येक ॲक्सेंटला स्वतःचे नियम असतात. ते इतके काटेकोर असतात, की एका शब्दाचा उच्चार नीट ऐकला तर त्याच गटातल्या शंभरेक शब्दांचे उच्चार न ऐकताही सांगता येतात. म्हणूनच या भेदांना ‘चुकीचे उच्चार’ म्हणणे हे मुळात निरीक्षणच अपुरे असल्याचे लक्षण आहे.

ब्लड, गुड आणि फूड हे तीन शब्द पाहावेत. तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ आहेत, कारण मध्ययुगीन इंग्रजीत तिन्हींमध्ये एकच दीर्घ ‘ओ’ होता. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर तोंडात वर सरकले आणि या ‘ओ’चा ‘ऊ’ झाला. पुढे ब्लडमधला ‘ऊ’ लवकर ऱ्हस्व झाला, गुडमधला उशिरा, आणि फूडमधला झालाच नाही. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व ‘उ’ असलेल्या बहुतेक शब्दांत त्याचा ‘अ’ झाला : कप, लव्ह, ब्लड. गुड या बदलाच्या तडाख्यातून सुटला. त्यामुळे लंडनकडे आज तिन्ही शब्दांत तीन वेगळे स्वर आहेत. लीड्स, मँचेस्टर या उत्तरेकडच्या शहरांत हा बदल पोचलाच नाही. तिथे कप ‘कुप’सारखा, बस ‘बुस’सारखी ऐकू येते आणि ब्लड व गुड यांचे यमक जुळते. स्कॉटलंडमध्ये ‘अ’ आला, पण ऱ्हस्व ‘उ’ आणि दीर्घ ‘ऊ’ यांतला भेद राहिला नाही. म्हणून ग्लासगोत गुड आणि फूड यांचे यमक जुळते, आणि ओढणे या अर्थाचा ‘पुल’ व तलाव या अर्थाचा ‘पूल’ सारखेच उच्चारले जातात. तीन शब्दांत तीन प्रदेश ओळखता येतात.

ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२ मध्ये इंग्रजीतल्या स्वरांचे असे २४ शब्दगट पाडले आणि प्रत्येक गटाला एका साध्या शब्दाचे नाव दिले. आजही ॲक्सेंटचा अभ्यास या गटांच्या आधारेच चालतो. वेल्स यांनी भेदांचे चार प्रकार सांगितले. एखादा स्वर एका ॲक्सेंटमध्ये असतो आणि दुसऱ्यात नसतोच. ध्वनी दोन्हींकडे असतो, पण कुठे येऊ शकतो याचा नियम वेगळा असतो. ध्वनी तोच, पण त्याची जीभेवरची जागा थोडी सरकलेली असते. किंवा भेद केवळ एखाद्या सुट्या शब्दापुरता असतो. शिकणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा शेवटचा प्रकार पहिल्या तिघांत मिसळल्याने होतो.

सर्वांत मोठी विभागणी ‘र’ची. कार, फार्म, बर्ड यांसारख्या शब्दांत स्वरानंतर येणारा ‘र’ स्कॉटलंड, आयर्लंड, कॅनडा आणि अमेरिकेच्या बहुतांश भागात उच्चारला जातो; इंग्लंडच्या बहुतेक भागांत, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडच्या बहुतेक भागात तो गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. १७९१ मध्ये उच्चारकोश करणाऱ्या जॉन वॉकर यांनी लंडनमध्ये हा ‘र’ अगदी क्षीण झाल्याची नोंद केली होती. अमेरिकेत वसाहती त्याआधीच झालेल्या असल्याने तिथे ‘र’ टिकला. बॉस्टन, न्यूयॉर्कसारख्या बंदरांत मात्र तो गळाला. ‘र’ गळणाऱ्या ॲक्सेंटमध्ये सॉस आणि उगम या अर्थाचा ‘सोर्स’ एकसारखे होतात. पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गळालेला ‘र’ परत येतो : दूर या अर्थाचा शब्द एकटा असताना नुसता ‘फा’, पण ‘फार अवे’. या सवयीने जिथे ‘र’ कधीच नव्हता तिथेही तो शिरतो. ‘लॉ अँड ऑर्डर’चे ‘लॉर अँड ऑर्डर’ होते. लंडनच्या बातम्या ऐकताना हा जादा ‘र’ सहज टिपता येतो.

या ‘र’ला सामाजिक वजनही असते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जाऊन, चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तू कुठे आहेत असे २६४ कर्मचाऱ्यांना विचारले. उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असेच येणार होते, आणि त्यात ‘र’च्या दोन जागा होत्या. मग नीट ऐकू आले नाही असे दाखवून ते पुन्हा विचारत. दुकान जितके महाग, तितका ‘र’ जास्त. आणि दुसऱ्यांदा, जपून बोलताना तो आणखी वाढे. म्हणजे एकाच माणसाच्या तोंडी एकाच मिनिटात दोन उच्चार असू शकतात.

बाथ, ग्रास, लाफ, डान्स या गटात दक्षिण इंग्लंडमध्ये दीर्घ ‘आ’ आहे, तर उत्तर इंग्लंड आणि अमेरिकेत बॅटमधल्या ‘ॲ’च्या जवळचा स्वर : ‘बॅथ’, ‘ग्रॅस’. इथे एक जागा फसवी आहे. हा ‘आ’ मुख्यतः ‘फ’, ‘थ’, ‘स’ आणि काही ‘न’कारयुक्त जोडाक्षरांपूर्वी आला, पण सगळीकडे आला नाही. लंडनमध्येही गॅस तो गॅसच, आणि मुंगी या अर्थाचा शब्द ‘ॲन्ट’च राहिला. शेजारचाच ‘प्लांट’ मात्र ‘आ’ घेऊन बसला. नियम अर्धवट लागलेला असल्यामुळे हा गट पाठच करावा लागतो. ऑस्ट्रेलियात बाथला ‘आ’ पक्का आहे, पण डान्समध्ये ‘डान्स’ आणि ‘डॅन्स’ दोन्ही ऐकू येतात.

व्यंजनांत ‘ट’ सर्वांत चंचल. वॉटर, बटर, बॉटल यांत दोन स्वरांमधला ‘ट’ लंडनच्या कॉकनी या श्रमिकांच्या बोलीत आणि ग्लासगोत तोंडात उच्चारलाच जात नाही. श्वास कंठात क्षणभर अडतो आणि सुटतो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जीभेचे टोक टाळूवर एकदाच झटकन आपटते. हा ध्वनी मराठी ‘र’च्या फार जवळचा आहे, ‘ड’च्या नव्हे. पुढचा स्वर आघातहीन असेल तरच तो येतो : ‘ॲटम’मध्ये येतो, ‘अटॉमिक’मध्ये साधा ‘ट’ राहतो. वॉटर या एका शब्दात तीन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्रपणे बदलतात : पहिला स्वर, मधला ‘ट’, शेवटचा ‘र’. कॉकनीत कंठातला अडसर असतो आणि ‘र’ नसतो, ग्लासगोत कंठातला अडसर असतो आणि ‘र’ही असतो, सिडनीत झटका असतो, ‘र’ नसतो, शिकागोत दोन्ही असतात, फिलाडेल्फियात त्यांत भर म्हणून पहिला स्वर ‘उ’ होतो.

‘थ’चेही तसेच. लंडनमध्ये ‘थिंक’चे ‘फिंक’ होते, आयर्लंडमध्ये ‘थ्री’ आणि झाड या अर्थाचा ‘ट्री’ जवळजवळ येतात. ‘ह’ इंग्लंडच्या बहुतेक शहरांत गळतो, न्यूकॅसलमध्ये मात्र टिकतो. लिव्हरपूलमध्ये ‘बॅक’चा शेवट घासत ‘ख’कडे जातो.

स्वर नुसते जागा बदलतात तेव्हा परक्या कानाची सर्वाधिक फसगत होते. ऑस्ट्रेलियात ‘डे’ हा ‘डाय’च्या दिशेने सरकतो. न्यूझीलंडमध्ये ‘पेन’ इतरांच्या ‘पिन’पर्यंत चढतो, मग ‘पिन’ने जायचे कुठे? तो जीभेच्या मध्यावर सरकून ‘पन’सारखा होतो, म्हणून ‘फिश’ शेजाऱ्यांना ‘फश’ वाटतो. अनेक न्यूझीलंडवासीयांच्या बोलण्यात बिअर आणि अस्वल या अर्थाचा ‘बेअर’ एकच होतात. अमेरिकेच्या दक्षिणेत पेन आणि पिन खरोखरच एक झाले आहेत, म्हणून लेखणी हवी असेल तर तिथे ‘इंक पेन’ म्हणण्याची पद्धत पडली. तिथेच ‘राइड’ ‘राऽड’ होते. कॅनडात ‘हाउस’, ‘अबाउट’ यांतला जोडस्वर अघोष (कंठात कंप नसलेल्या, जसे ‘स’, ‘ट’) व्यंजनापूर्वी वरून सुरू होतो, ‘हअउस’सारखा, पण ‘लाउड’मध्ये तसे होत नाही. ‘हाउस’चे अनेकवचन करताना ‘स’चा सघोष ‘झ’ होतो, म्हणून अनेकवचनात जोडस्वर पुन्हा खालून सुरू होतो. थट्टेत कॅनडियनांच्या तोंडी घातला जाणारा ‘अबूट’ हा उच्चार त्यांचा नाहीच.

सुट्या शब्दांचे भेद यांहून निराळे. शेड्यूल–स्केजूल, प्रिव्हसी–प्रायव्हसी, व्हिटॅमिन–व्हायटमिन, टमाटो–टमेटो या जोड्यांत पहिला उच्चार ब्रिटिश, दुसरा अमेरिकी. पण यांतून कोणताही नियम निघत नाही. ‘टमाटो’ म्हणणारा ब्रिटिश माणूस बटाट्याला ‘पटाटो’ म्हणत नाही. तो सगळीकडे ‘पटेटो’च.

ॲक्सेंट टिपायचा तर शब्दांची यादी वाचायला देऊ नये. वाचताना माणूस सावध होतो. हॅरोल्ड ऑर्टन यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० ते १९६१ दरम्यान लीड्स विद्यापीठातून झालेल्या इंग्लंडच्या बोली-पाहणीत ३१३ ठिकाणी १,३०० हून अधिक प्रश्न विचारले गेले. प्रश्न असे रचले होते, की शब्द प्रश्नकर्त्याने न उच्चारता उत्तर देणाऱ्याच्या तोंडून यावा. त्या पाहणीत भर खेड्यांतल्या वयस्कर पुरुषांवर होता, त्यामुळे शहरांची बोली तिच्यात फारशी आली नाही. स्वतः ऐकताना आधी कारमधला ‘र’ पाहावा, मग कपमधला स्वर, मग बाथ आणि वॉटर. एवढ्यावर ब्रिटन की अमेरिका, उत्तर की दक्षिण हे बहुधा ठरते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड वेगळे करायला ‘फिश’ ऐकावा लागतो.

सावधपणाने बोललेला उच्चार कधी कधी नियमाच्या पलीकडेही जातो. उत्तर इंग्लंडचा माणूस दक्षिणेची ढब उचलू लागला, की ‘कुप’चे ‘कप’ करता करता ‘शुगर’चे ‘शगर’ आणि ‘कुशन’चे ‘कशन’ करून बसतो, आणि गॅसलाही ‘गास’ म्हणतो. शुगर आणि कुशन हे शब्द लंडनमध्येही ‘उ’नेच बोलले जातात.