सुपरकंडक्टरमधलं चार्ज ऑर्डरिंग

क्युप्रेट म्हणजे कॉपर ऑक्साइडचे थर असलेली सिरॅमिक्स, आणि त्यातल्या काहींमधे चार्ज सगळीकडे सारखे पसरायचे सोडून ठराविक अंतरावर पट्टे धरून बसतात, त्याला चार्ज ऑर्डरिंग म्हणतात. सुपरकंडक्टिव्हिटीशी, म्हणजे ठराविक तापमानाखाली रेझिस्टन्स पूर्ण शून्य होण्याशी, त्याचं सहसा पटत नाही.

१९८६ ला बेडनोर्झ आणि म्यूलर यांना झुरिकच्या आयबीएम लॅबमधे लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमधे ३० केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, पुढच्या वर्षी यट्रियमवालं वायबीसीओ (यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड) ९० च्या वर गेलं, म्हणजे ७७ केल्विनचा लिक्विड नायट्रोजन पुरतो, जो आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात सिमेनच्या कांड्या ठेवायच्या कॅनमधे असतोच.

मूळ पदार्थ, म्हणजे बेरियम न घातलेलं लँथॅनम-कॉपर ऑक्साइड, इन्सुलेटर. लँथॅनमच्या जागी थोडं बेरियम घातलं की इलेक्ट्रॉन कमी होऊन होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, पॉझिटिव्ह चार्जसारख्या वागणाऱ्या) तयार होतात आणि करंट तेच नेतात. होल वाढवत नेले की आधी टीसी (ज्या तापमानाखाली सुपरकंडक्टिव्हिटी येते ते) चढतो, पण दर कॉपर अणूमागे बरोबर १/८ होलपाशी बेरियमवाल्यात तो धाडकन खाली येतो. का, ते १९९५ ला ट्रँक्वाडा आणि मंडळींनी न्यूट्रॉन मारून दाखवलं (क्रिस्टल निओडिमियम घातलेला होता): गुहागरच्या पोफळीच्या वाडीत पाट असतात तसे होल दर चार अणूंमागे एका ओळीत जमलेले आणि मधल्या जागेत स्पिन (इलेक्ट्रॉनची बारीक चुंबकं) उलटसुलट लागलेले, फक्त पाट माणूस खणतो, इथे ओळी आपोआप पडतात आणि वरच्या थरात त्या खालच्यांना आडव्या जातात.

हे आडवं जाणंच महत्त्वाचं. २००७ ला १/८ च्या बेरियमवाल्या क्रिस्टलवर मोजलं तर थराच्या आतला रेझिस्टन्स ४० केल्विनच्या सुमाराला एकदम कोसळतो, पण थरातून थरात जाताना रेझिस्टन्स राहतोच, आणि पूर्ण सुपरकंडक्टर व्हायला ४ केल्विनपर्यंत उतरावं लागतं. म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटीला लागणाऱ्या जोड्या थरात जमतात, पण ओळी एकमेकींना आडव्या असल्यामुळे थरांचा मेळ बसत नाही. निदान सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण तरी हेच आहे.

नुसता रेझिस्टन्स बघून फसायला होतं, हॉल इफेक्ट (मॅग्नेटिक फील्डमधे करंटला आडवं येणारं व्होल्टेज, त्याच्या चिन्हावरून चार्ज पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते कळतं) जास्त बोलका. होलवाल्या पदार्थात तो पॉझिटिव्ह असायला हवा ना? पण वायबीसीओमधे जबर मॅग्नेटिक फील्ड लावून सुपरकंडक्टिव्हिटी दाबली की थंड होताना तो निगेटिव्ह होतो (हेही २००७ चंच), जणू करंट इलेक्ट्रॉनच नेतायत. याचं कारण मानली जाणारी वायबीसीओमधली चार्ज ऑर्डर एक्सरेने पकडली २०१२ ला, ती साधारण दर तीन अणूंमागे, आणि १५० केल्विनच्या आसपासच डोकं वर काढते.

कॉलेजच्या लॅबमधे भट्टीत भाजलेल्या वायबीसीओच्या पेलेटवर (पावडर दाबून केलेल्या चकतीवर) यातलं काही दिसणार नाही हो, दाणे वाटेल त्या दिशेला असतात, सगळी सरासरी होते, त्याला सिंगल क्रिस्टलच हवा. पेलेटवर चार वायरी लावून, बाहेरच्या दोनमधून करंट आणि आतल्या दोनवर व्होल्टेज, रेझिस्टन्स शून्य होताना मात्र मस्त दिसतो. फक्त पावसाळ्यात पेलेट सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, दमट हवेत त्यातलं बेरियम पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरतं, वरचा थर खराब होतो आणि चांदीच्या पेस्टचे कॉन्टॅक्ट नीट लागत नाहीत.