पोप जोन

पोप जोन : पुरुषवेषात वावरून पोपपदापर्यंत पोचलेली स्त्री म्हणून मध्ययुगीन युरोपीय दंतकथेत प्रसिद्ध असलेली व्यक्ती. रूढ कथेत तिचा काळ नवव्या शतकाचा; लेखी उल्लेख मात्र त्यानंतर जवळपास चारशे वर्षांनी सुरू होतात.

झां द मायी या डॉमिनिकन साधूच्या तेराव्या शतकाच्या मध्यातील इतिवृत्तात ती प्रथम दिसते. तिथे तिला नाव नाही आणि काळही 1099 च्या सुमाराचा आहे. हुशारीच्या बळावर ती लेखनिक, कार्डिनल आणि अखेर पोप होते. घोड्यावर चढताना प्रसूत होते आणि लोक तिला दगडांनी ठेचून मारतात. रूढ झालेली कथा ओपावाच्या मार्टिनच्या इतिवृत्तातली. त्यात ती जर्मनीतल्या माइन्त्सची ‘योहानेस अँग्लिकस’, प्रियकराबरोबर अथेन्सला जाऊन शिकलेली, चौथ्या लिओनंतर अडीच वर्षांहून अधिक काळ पोप राहिलेली. रोममधील कलॉसियम आणि सान क्लेमेंते चर्च यांच्यामधल्या गल्लीत, भर मिरवणुकीत, तिला मूल होते. मार्टिनच्या ग्रंथाच्या आधीच्या पाठांत हा मजकूर नाही, तो सु. 1277 च्या पाठापासून येतो. ‘लीबर पोंतिफिकालिस’ या पोपचरित्रांच्या व्हॅटिकनमधील एका हस्तलिखितातही जोन आहे, पण पानाच्या तळाशी, नंतरच्या हस्ताक्षरात. उघड उघड क्षेपकच.

चौथा लिओ जुलै 855 मध्ये वारला आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तिसरा बेनेडिक्ट पोप झाला. बेनेडिक्ट आणि सम्राट लोथार या दोघांची नावे असलेले नाणे उपलब्ध आहे, आणि लोथारही 855 च्या सप्टेंबरातच मरण पावला. मग जोनची कारकीर्द बसवायची कुठे? याहून बोलके आहे ते कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख फोटियस याचे मौन. रोमशी त्याचे हाडवैर होते. असे हत्यार त्याने म्यानात ठेवले नसते.

तरीही खुद्द चर्चने ही कथा दीर्घकाळ खरी मानली. सिएना कॅथीड्रलमधील पोपांच्या अर्धपुतळ्यांच्या रांगेत तिचाही पुतळा होता, सु. 1600 मध्ये तो बदलण्यात आला. 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत बोहेमियन धर्मसुधारक यान हुसने तिचा दाखला दिला, तेव्हाही तो कुणी खोडून काढला नाही. धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंटांनी ती रोमविरुद्ध वापरायला सुरुवात केल्यावर कॅथलिक विद्वान खंडनाला सरसावले. पण सर्वांत प्रभावी खंडन 1647 मध्ये डेव्हिड ब्लोंडेल या कॅल्व्हिनपंथीय प्रॉटेस्टंटाने केले, आणि त्यापायी स्वपक्षीयांचाच रोष ओढवून घेतला.